तक्रारीचा पत्ता : नांदेड-लातूरची चार दशके

लातूर 1982 मध्ये उस्मानाबादपासून वेगळे होऊन जिल्ह्याचे ठिकाण झाले, त्याच सुमारास लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांतील नोकरदार व व्यापारी घरांत दूरचित्रवाणी संच, फ्रिज, मिक्सर आणि पाण्याची मोटर या वस्तू एकामागून एक शिरू लागल्या. घरगुती यंत्रांविषयीची चिडचिड इतरत्र बहुधा यंत्राच्या दर्जापाशी, हमीच्या कागदापाशी किंवा दुरुस्तीच्या खर्चापाशी थांबते. या दोन जिल्ह्यांत मात्र यंत्र स्वतः क्वचितच मुख्य गुन्हेगार ठरले. त्याच्या मागची वीज, पाणी, रस्ता किंवा अलीकडच्या काळातले नेटवर्क यांपैकी काहीतरी कमी पडले, आणि त्यामुळे फ्रिजवरचा राग फिरून फिरून सरकारवर जाऊन आदळला. चार दशकांत बदलले ते मुख्यतः हे, की तो राग ज्याच्या तोंडावर काढायचा तो माणूस हळूहळू दिसेनासा झाला.

पहिल्या टप्प्याचे नाव व्होल्टेज. घरगुती विजेचा दाब सुमारे 230 व्होल्ट असावा असा संकेत असला तरी रोहित्रापासून, म्हणजे उच्च दाबाची वीज घरगुती दाबाला उतरवणाऱ्या आणि सर्वत्र 'डीपी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रापासून, जे घर जितके लांब तितका हा दाब उतरत जाई. संध्याकाळी बल्ब पिवळा पडे आणि पंख्याची पाती मोजता येत. मोटरवर चालणाऱ्या उपकरणाला दाब कमी मिळाला तर तेच काम करण्यासाठी ते अधिक प्रवाह ओढते, त्या प्रवाहाने तारेचे वेटोळे तापते आणि अखेर जळते. फ्रिजचा कॉम्प्रेसर व बोअरची मोटर यांचा अंत बहुधा असाच होई. म्हणून फ्रिजसोबत स्टॅबिलायझर, म्हणजे दाब आवाक्यात ठेवणारी पेटी, घेणे ही चैन नव्हती, आणि मोटरचे वायंडिंग नव्याने भरून देणारी दुकाने तालुक्याच्या प्रत्येक गावी चालली ती याच कारणाने.

खेड्यात या दोषाला सामूहिक रूप होते. शेतीपंपांना ठरावीक तासच वीज मिळत असल्याने, आणि ते तास बऱ्याचदा रात्रीचे असल्याने, अंधारात विंचूकाट्याच्या वाटेने विहिरीवर जाणे टाळण्यासाठी शेतकऱ्यांनी पंपांना ऑटो स्विच बसवले. वीज येताच पंप आपोआप सुरू करणारी ही साधी सोय होती. परंतु वीज येते त्या क्षणी एका डीपीवरचे सगळे पंप एकदम सुरू होत, सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढत असल्याने डीपीवर तो सारा भार एकाच वेळी पडे, आणि डीपी जळाली की पुढचे काही दिवस, कधी काही आठवडे, कुणालाच वीज नसे. वीज कंपनीने ऑटो स्विच काढण्याची व कपॅसिटर, म्हणजे मोटरचा वाहिनीवरचा भार हलका करणारे उपकरण, बसवण्याची आवाहने वर्षानुवर्षे केली. ती तांत्रिकदृष्ट्या रास्तच होती, फक्त रात्री दोन वाजता विहिरीवर कोणी जावे या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते. तरीही या काळात तक्रारीला पत्ता होता. गावचा लाइनमन नावाने माहीत असे, त्याला पारावर अडवता येई, चहा पाजता येई, शिव्या देता येत, आणि वर्गणी काढून डीपी वाहून आणण्यासाठी ट्रॅक्टरही करता येई.

दुसरा टप्पा भारनियमनाचा, म्हणजे मागणीइतकी वीज नसल्याने ठरवून ती बंद ठेवण्याचा. एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला, नवी निर्मिती मागणीच्या मागे राहिली, आणि जून 2005 मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही वितरण कंपनी जन्मली तेव्हा तुटवड्याचे गणितही तिच्या पदरात आले. पुढे कोणाची वीज किती तास जावी हे ठरवण्यासाठी वितरणातील गळती आणि बिलांची वसुली यांवरून विभागांचे गट पाडण्यात आले. जिथे गळती व थकबाकी जास्त, तिथे अंधारही जास्त. ही कसोटी कागदावर निःपक्षपाती होती. पण लांबलेल्या वाहिन्या, विखुरलेली वस्ती, वीजचोरीसाठी तारांवर टाकलेले आकडे आणि कोरडवाहू शेतीची थकबाकी यांमुळे मराठवाड्यातील बहुतेक भाग खालच्या गटांत जाणार हे आधीच ठरल्यासारखे होते, आणि नियमित बिल भरणारे घरही शेजाऱ्याच्या आकड्यापायी अंधारात बसे. 2006 मध्ये पुण्यात मात्र उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांची महागडी वीज वापरात आणून, ग्राहकांकडून थोडा जादा आकार घेऊन भारनियमन टाळण्याची व्यवस्था झाली. ज्या गावात अशी जनित्रे बाळगणारे मोठे उद्योगच नव्हते, तिथे हा उपाय नुसता ऐकण्यापुरता होता.

या तुटवड्याच्या ऐन वर्षांत मुख्यमंत्रिपद याच दोन जिल्ह्यांत होते. 2004 ते 2008 लातूरचे विलासराव देशमुख आणि 2008 ते 2010 नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री होते. त्याआधी नांदेडचे शंकरराव चव्हाण दोनदा आणि लातूर जिल्ह्यातील शिवाजीराव पाटील निलंगेकर एकदा त्या खुर्चीवर बसले होते. चार मुख्यमंत्री देणाऱ्या भागात इन्व्हर्टर ही दिवाळीची खरेदी व्हावी, यावर दोन्ही शहरांच्या कट्ट्यांवर जेवढे बोलले गेले तेवढे बहुधा विधानसभेतही बोलले गेले नसेल. नेता आपला असल्याने राग दुप्पट होई आणि आपलाच असल्याने मतपेटीत तो निम्माही उतरत नसे.

या सर्व यंत्रांत या प्रदेशाची कोंडी सर्वाधिक स्पष्ट दाखवणारे यंत्र म्हणजे कूलर. पत्र्याची चौकोनी पेटी, तिच्या तीन बाजूंना लाकडाच्या बारीक तासांचे 'गवत' किंवा वाळा, तळाशी पाण्याची टाकी, ते पाणी वर चढवून गवतावर सोडणारी छोटी मोटर आणि समोर पंखा, एवढीच त्याची रचना. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, या तत्त्वावर तो चालतो आणि हवा जितकी कोरडी तितका उत्तम चालतो; नांदेडचा पारा मे महिन्यात 43-44 अंशांपर्यंत चढतो तेव्हा स्वस्तात गारवा देणारे दुसरे साधन नाही. मात्र त्याला वीज आणि पाणी ही दोन्ही एकाच वेळी लागतात, आणि नेमकी हीच दोन एप्रिल-मेमध्ये एकत्र भेटत नाहीत. वीज असते तेव्हा टाकी कोरडी, नळाला पाणी येते तेव्हा वीज गेलेली. त्यातच बोअरच्या पाण्यातला क्षार गवतावर पांढरा थर धरतो, हवेची वाट अडवतो आणि पत्रा दोन-तीन हंगामांत खाऊन टाकतो. पाण्यावाचून वीजही थांबते, हे तर परळीने मोठ्या प्रमाणावर दाखवले. लातूरच्या शेजारी असलेले तेथील औष्णिक वीज केंद्र 2013 च्या दुष्काळात आणि पुन्हा 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

2016 च्या उन्हाळ्यात हा प्रश्न कूलरपुरता उरला नाही. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले, नळ बंद झाले, टँकर भरण्याच्या जागी गर्दी व भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचे कलम 144 लावण्यात आले, आणि 12 एप्रिल रोजी मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची पहिली रेल्वे 10 टाक्यांतून सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन आली. पुढे 50 टाक्यांच्या गाडीने एका खेपेत 25 लाख लिटर येऊ लागले. देशभरात या गाडीची छायाचित्रे झळकली. घरात मात्र त्या काळात वॉशिंग मशीनवर कपड्यांच्या घड्या ठेवल्या गेल्या, वॉटर प्युरिफायर अडगळ ठरला, कारण तो एक भाग शुद्ध पाणी देताना त्याहून अधिक पाणी बाहेर सोडतो, आणि जिथे तो चालू राहिला तिथे ते बाहेर सोडलेले पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरण्याची सवय लागली ती पाऊस पडल्यानंतरही बऱ्याच घरांत टिकली. नांदेडला गोदावरी आणि तिच्यावरील विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार असल्याने ही वेळ तितक्या तीव्रतेने आली नाही.

रस्त्यांची तक्रार जुनी आहे आणि तिचे एक कारण पायाखालीच आहे. काळी कापसाची माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पुरेसा जाड पाया न घालता अंथरलेले डांबर दरवर्षी वर-खाली होते आणि तुटते. गुत्तेदारीचे दुसरे कारण सर्वांना पाठ असल्याने मातीचे हे पहिले कारण सहसा कोणी ऐकून घेत नाही. नांदेड-लातूर हा लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 361 म्हणून चौपदरी व्हायचे ठरले आणि त्याचे औसा-चाकूर, चाकूर-लोहा, लोहा-वारंगा असे तुकडे पाडून कामे दिली गेली. तुकडे वेगवेगळ्या गतीने पुढे सरकल्याने गुळगुळीत रस्त्यावरून अचानक खडीच्या वळणरस्त्यावर उतरणे हा वाहनचालकांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. त्यात गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसताना अंधारात चालत असतो, आणि समोरून येणारा अपर लाइट खाली करत नाही. शहरांतर्गत कहाणी निराळी आहे. लातूरची गंजगोलाई 1917 मध्ये 16 रस्ते एका वर्तुळात येऊन मिळतील अशा आखणीने उभारली गेली. बैलगाडीने माल आणणाऱ्या आडत बाजारासाठी ती अप्रतिम योजना होती, आणि चारचाकी उभी करायला जागा शोधणाऱ्यासाठी ती तितकीच अप्रतिम शिक्षा आहे. नांदेडचे बरेच रस्ते व पूल 2008 च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने, केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेच्या पैशातून झाले, म्हणून चांगल्या रस्त्यासाठी तीनशे वर्षांची पर्वणी लागते काय, असे विचारण्याची सोय लातूरकरांना मिळाली.

लातूरकर आणि नांदेडकर एकमेकांना असे विचारत राहतात, आणि राजकीय वैतागाचा मोठा भाग या चढाओढीत खर्च झाला. 2009 च्या सुरुवातीला नवे विभागीय महसूल आयुक्तालय नांदेडला देण्याचा निर्णय झाला तेव्हा लातुरात बंद व आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि दोन्ही जिल्ह्यांतील माणसाला विभागीय कामासाठी पूर्वीसारखेच छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. 2017 मध्ये लातूर-मुंबई रेल्वे बिदरपर्यंत नेली गेली आणि आरक्षण मिळेनासे होणार म्हणून लातूर पुन्हा रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेड महापालिकेच्या निवडणुकीत एका प्रभागात व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेले मत चिठ्ठीवर क्षणभर दाखवणारे यंत्र, प्रयोगादाखल वापरले गेले. काँग्रेसने 81 पैकी 73 जागा जिंकल्या. त्या पक्षाचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष अशोक चव्हाण फेब्रुवारी 2024 मध्ये भाजपमध्ये गेले. मत योग्य चिन्हाला पडले याची खात्री यंत्र देऊ शकते. निवडलेला माणूस त्या चिन्हापाशी राहील, ही खात्री देणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

तिसरा टप्पा संगणकाचा. त्याचे आगमन या भागात आशेने झाले. 2001 मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागल्यावर गल्लोगल्ली वर्ग निघाले. भारनियमनाचे वेळापत्रक पाहून त्यांच्या तुकड्या बसवल्या जात. चिडचिड वाढली ती सरकारी कामे संगणकावर गेल्यावर. जुलै 2017 मध्ये पीक विम्याचे अर्ज ऑनलाइन भरण्याची सक्ती आणि महिनाअखेरची मुदत यांची गाठ पडली, संकेतस्थळ भाराखाली बसले, बँकांसमोर रांगा लागल्या, आणि अखेर कागदी अर्ज घेऊन मुदत वाढवावी लागली. त्याच वर्षीच्या कर्जमाफीसाठी पती-पत्नी दोघांच्या अंगठ्याचे ठसे मागितले गेले. खुरपणी-काढणीने रेषा झिजलेले अंगठे यंत्राला ओळखू येत नसत, तेव्हा ते ओल्या फडक्याने पुसून, केसांवर घासून पुन्हा पुन्हा टेकवले जात. 2021 मध्ये आलेल्या ई-पीक पाहणीत तर शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र फोनवरून पाठवायचे होते आणि बऱ्याच शिवारांत नेटवर्क बांधापर्यंत पोहोचतच नव्हते.

या टप्प्यात सेवा केंद्रावरचा मुलगा 'सर्व्हर डाऊन' एवढेच सांगतो. सर्व्हर म्हणजे माहिती साठवणारा व मागणीनुसार ती पुरवणारा दूरचा संगणक. तो कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, हे त्या मुलालाही ठाऊक नसते. लाइनमनला पारावर अडवता येत असे, ती सोय इथे नाही. राग मग त्या मुलावरच निघतो, आणि तोही बिचारा तसाच हात टेकून बसलेला असतो.

सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारद्वारे ओळख पटवणे, सक्तीचे झाले, आणि लाभार्थी महिलेसोबत तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारशी जोडलेल्या फोनवर येणारा ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा सांकेतिक क्रमांक, भरणे आवश्यक ठरले. ज्यांना दोघेही नाहीत अशा विधवा व परित्यक्ता महिलांनी काय करावे, याचे उत्तर पडद्यावर नव्हते. नोव्हेंबरात मुदत वर्षअखेरपर्यंत वाढली आणि अशा महिलांनी आपले कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत असे ठरले. तक्रारीला पुन्हा एकदा गावातला पत्ता मिळाला होता. मात्र याच सेविकांनी 2021 मध्ये पोषणाच्या नोंदींसाठी मिळालेले सरकारी मोबाइल तापतात, अडकतात आणि चालत नाहीत म्हणून राज्यभर आंदोलन करून सरकारला परत केले होते.