हातानं कळतं ते प्रश्नावलीत येत नाही
मनमाडच्या बाजार समितीतल्या छोट्या कांदा व्यापाऱ्याला "तुम्ही ज्ञान व्यवस्थापन करता का?" असं विचारलं, तर उत्तर "नाही" येणार. आपण तक्त्यात शून्य भरून मोकळे! पण उन्हाळ कांद्याची मान, पत्ती, टणकपणा बघून चाळीत कोणता माल टिकेल हे ओळखणारा जुना माणूस काम सोडून गेला, की माल सडल्यावरच त्याची किंमत कळते. हेच अव्यक्त ज्ञान. नोनाका आणि ताकेउची यांच्या १९९५च्या पुस्तकात याचं छान उदाहरण आहे: मात्सुशिता कंपनीला पाव बनवणारं यंत्र जमेना, तेव्हा त्यांची एक तंत्रज्ञ ओसाकातल्या हॉटेलच्या बेकरकडे पीठ मळायला शिकली. म्हणून सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी विचारा, "अडलं की फोन कुणाला करता?" मग त्या माणसाबरोबर चार सकाळी लिलावात उभे राहा आणि नवख्या पोऱ्याला तो काय दाखवतो, ते टिपा.