बंद पेट्रोल पंपाच्या जागेवर गॅरेज टाकताय? आधी जमिनीखालची टाकी बघा

बोरी अरब (ता. दारव्हा) : ट्रॅक्टरचा पाटा तुटला, ट्रॉलीचा एक्सल वाकला, डवऱ्याची पास झिजली, की काम अडते आणि माणूस दारव्ह्याच्या नाहीतर यवतमाळच्या दुकानात चकरा मारतो. पेरणीच्या तोंडावर तर वेल्डरकडे नंबर लागतो. म्हणून हातात थोडंफार कसब असलेले अनेक शेतकरी आणि मेकॅनिक आता स्वतःचंच छोटं वर्कशॉप उभं करायचा विचार करतात. त्यासाठी रस्त्यालगतची बांधलेली जागा शोधताना कधीकधी नजर जाते ती बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर.

जागा खरोखर चांगली असते. पण तिथे डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा न दिसणारं जास्त महत्त्वाचं. छत, खोली, फरशी हे सगळं वर आहे. धोका जमिनीखाली आहे. तो आधी निकाली काढला तर पंपाचं उत्तम गॅरेज होतं. तो तसाच ठेवून वेल्डिंग सुरू केलं तर जिवावर बेतू शकतं.

पंपाची जागा सोयीची का

पंप बांधतानाच तो जड गाड्यांसाठी बांधलेला असतो. समोरचं काँक्रीट टँकरचं वजन पेलतं, त्यामुळे ट्रॅक्टर-ट्रॉली उभी करायला वेगळी फरशी लागत नाही. छत उंच असतं, ट्रक सहज खाली येतो. हिशेबाची पक्की खोली, शौचालय, बहुतेक ठिकाणी बोअर आणि हवा भरायच्या मशीनची जागा तयार असते. गाडी आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा रस्ता वेगवेगळा असतो.

जगात अशी कामं झाली आहेत. कॅनडातल्या माँट्रियल शहरात प्रसिद्ध वास्तुविशारद मीस व्हॅन डेर रोहे यांच्या आराखड्यावरून १९६९ मध्ये बांधलेला एक पंप २००८ मध्ये बंद झाला. तो पाडला नाही. २०११ मध्ये तिथे तरुण आणि म्हाताऱ्या माणसांसाठी एकत्र बसा-उठायचं केंद्र सुरू झालं. म्हणजे पंपाची इमारत दुसऱ्या कामाला लावता येते. फक्त क्रम चुकवायचा नाही.

जागा एकाची, टाकी दुसऱ्याची

पहिला प्रश्न मालकीचा. अनेक पंपांवर जमीन डीलरची किंवा शेतकऱ्याची असते, पण जमिनीखालच्या टाक्या, पाइप आणि तेल मोजून देणाऱ्या मशीन तेल कंपनीच्या असतात. काही ठिकाणी जमीनच कंपनीने भाड्याने घेतलेली असते. पंप दहा वर्षं बंद असला म्हणून ते सामान आपोआप जागामालकाचं होत नाही. टाकी काढून भंगारात विकली आणि ती कंपनीची निघाली, तर पोलिस ठाण्याची पायरी चढावी लागेल.

जुन्या पंपांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बर्मा शेल, एस्सो आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्या १९७० च्या दशकात सरकारने ताब्यात घेतल्या. बर्मा शेलची पुढे भारत पेट्रोलियम झाली, एस्सो आणि कॅलटेक्सचा कारभार हिंदुस्थान पेट्रोलियमकडे गेला. त्या काळातले भाडेकरार नव्या कंपनीकडे गेले. आजोबांच्या सहीचा करार असेल तर तो शोधा, वकिलाला दाखवा. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना वाचा. तिथे बँकेचा बोजा किंवा कंपनीचा भाडेपट्टा नोंदलेला असू शकतो.

सौदा करण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यायचं ते एवढंच : टाक्या आणि मशीन कोणाच्या, त्या कोण काढणार, खर्च कोणाचा. तोंडी 'घ्या ना, काही नाही होत' हे चालत नाही.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक

गावात सर्रास ऐकू येतं, 'टाकी तर रिकामी हाय, काय होते?' इथेच घात होतो.

पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की एका ठिणगीने स्फोट होतो. टाकी काठोकाठ भरलेली असते तेव्हा आत हवाच नसते. टाकी रिकामी केली की तळाशी थोडं तेल, गंजात मुरलेलं तेल आणि वर भरपूर हवा. म्हणजे स्फोटाला लागतं ते सगळं आत तयार. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकी तापली की गाळातून वाफ सुटतच राहते. वर्षानुवर्षं बंद असलेली टाकीही याला अपवाद नाही.

डिझेलची टाकी आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. डिझेलची वाफ साध्या तापमानाला कमी होते हे खरं, पण गॅस कटरच्या आचेने पत्रा तापला की आतल्या गाळातून वाफ निघते आणि तीच पेट घेते. जुना ड्रम कापताना, मोटारसायकलची टाकी वेल्ड करताना होणारे अपघात याच कारणाने होतात. गावातल्या प्रत्येक वेल्डरने हे ध्यानात ठेवावं.

दुसरा धोका श्वासाचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती खाली बसते आणि श्वास घ्यायला हवा उरत नाही. जुन्या विहिरीत उतरलेला माणूस गुदमरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, हे ग्रामीण भागाला नवीन नाही. टाकीत नेमकं तेच होतं. माणूस आत पडला तर दुसऱ्याने उतरू नये. ११२ वर फोन करावा आणि अग्निशमन दल येईपर्यंत बिडी, काडी, मोटार सगळं लांब ठेवावं.

टाकी काढायची की भरायची

देशात पेट्रोलियमच्या साठ्याला परवाना देणारं खातं म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. लोक त्याला 'पेसो' म्हणतात. त्याचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. पंपाचा परवाना १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखाली आणि २००२ च्या नियमांखाली असतो. पेट्रोल असलेल्या टाकीत माणूस उतरवण्याआधी किंवा तिच्यावर कापण्या-जोडण्याचं काम करण्याआधी सक्षम व्यक्तीने टाकी तपासून 'आत गॅस नाही' असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून हे काम गावातल्या मिस्त्रीचं किंवा भंगारवाल्याचं नाही. तेल कंपनीच्या यादीतला, हे काम नेहमी करणारा ठेकेदारच लागतो.

त्यानंतर दोन रस्ते उरतात. पहिला, टाकी साफ करून, गॅसमुक्त करून खणून बाहेर काढणे. दुसरा, टाकी काढली तर इमारतीचा पाया हलेल अशी स्थिती असेल तेव्हा ती साफ करून वाळूने किंवा पातळ सिमेंटने गच्च भरणे. पहिला रस्ता चांगला, कारण खालची माती डोळ्यांनी बघता येते.

तिसरा रस्ता, म्हणजे झाकण लावून विसरून जाणे, हा रस्ताच नव्हे. त्याला आपल्या भागात एक वेगळं कारणही आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाऊस जास्त झाला की जमिनीतलं पाणी वर येतं. २० हजार लिटरची रिकामी टाकी पूर्ण पाण्याखाली गेली तर पाणी तिला सुमारे २० टन जोराने वर ढकलतं. लोखंडी टाकीचं स्वतःचं वजन त्याच्या तुलनेत फार कमी. वरची माती आणि काँक्रीट कमजोर असेल तर टाकी वर उचलली जाते, पाइप तुटतात, फरशी फुटते. अडाण नदीच्या खोऱ्यात सखल जागी असलेल्या पंपाने तर हे आधी तपासावं.

माती आणि विहिरीचं पाणी

जुनी टाकी गंजून झिरपलेली असू शकते. अमेरिकेत १९८४ पासून जमिनीखालच्या तेलटाक्यांची मोजदाद सुरू झाली, तेव्हापासून तिथे पाच लाखांवर टाक्यांची गळती नोंदली गेली आहे. ही गळती वर दिसत नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने भूजलावर तरंगतं आणि पाण्याच्या ओघाने पुढे सरकतं. त्यातलं बेंझिन हे कर्करोग करणारं द्रव्य आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. त्यात भर म्हणजे भारतात शिसेमुक्त पेट्रोल सगळीकडे आलं ते २००० साली. त्याआधीपासून चालू असलेल्या पंपाखालच्या मातीत शिसंही असू शकतं.

टाकी काढल्यावर खड्ड्यातली माती बघा. काळपट-निळसर रंग, तेलाचा वास, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर ती माती शेतात किंवा बांधावर टाकू नये. खड्डाही लगेच बुजवू नये. पंपाच्या बोअरचं आणि शेजारच्या विहिरींचं पाणी तपासून घ्या. यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराईडसाठी पाणी तपासायची सवय आहे, पण त्या नेहमीच्या तपासणीत बेंझिन दिसत नाही. 'पेट्रोलचे घटक तपासा' असं प्रयोगशाळेला वेगळं सांगावं लागतं. अहवाल येईपर्यंत ते पाणी पिऊ नये.

छत, खड्डा आणि वीज

गॅरेज म्हटलं की गाडीखाली उतरून काम करायला खड्डा हवाच, असं मेकॅनिक म्हणतात. पंपाच्या जागेवर हा खड्डा सगळ्यात शेवटी आणि टाकीच्या जागेपासून लांब. जमिनीत तेल मुरलेलं असेल तर जड वाफ त्याच खड्ड्यात साचते. जुन्या मशीनखालचे हौद आणि केबलच्या नाल्याही आधी साफ करून बुजवून घ्याव्यात. शक्य असेल तर खड्ड्याऐवजी लोखंडी रॅम्प करावा.

छताच्या चारी बाजूंनी पत्रे ठोकून बंद शेड करायचा मोह होतो. पंपाचं छत चारी बाजूंनी मोकळं धरून बांधलेलं असतं, वारा खालून निघून जातो. भिंती उभ्या केल्या की तोच वारा पत्र्यावर आदळतो आणि खांबांवर, पायावर जोर येतो. वळवाच्या वादळात असं छत उलटू शकतं. म्हणून अभियंत्याकडून खांब आणि पाया तपासूनच भिंती घ्याव्यात.

विजेची जुनी फिटिंग पूर्ण काढून नवी करावी, अर्थिंग नव्याने घ्यावं. वेल्डिंग मशीन आणि कॉम्प्रेसरसाठी थ्री-फेज जोडणी महावितरणकडून त्याच वापरासाठी मागावी. शेतीपंपाच्या कनेक्शनवरून वर्कशॉप चालवलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

कागद कुठले लागतात

पंपासाठी मिळालेला अकृषक आदेश आणि रस्त्यावरून आत येण्याची परवानगी त्या कामापुरती असू शकते. वापर बदलतोय हे तहसील कार्यालयाला आणि रस्ता ज्यांचा आहे त्या विभागाला विचारून घ्यावं. बांधकामात बदल करायचा तर ग्रामपंचायतीची परवानगी आणि नमुना ८ मध्ये नोंद लागते. पेसोचा जुना परवाना रद्द झाल्याचा कागद जागेच्या फाइलीत हवाच. उद्या बँकेचं कर्ज किंवा विमा काढताना तो विचारला जातो.

गॅरेज स्वतःच्या कामापुरतं असो की धंद्याचं, जळकं ऑइल नालीत सोडू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात साठवून अधिकृत खरेदीदारालाच द्यावं.

काम कधी काढावं

कागदपत्रं पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास. टाकीचं खोदकाम रब्बी निघाल्यावर, जमिनीतलं पाणी खाली गेलेलं असताना. खड्डा भरणे, फरशी आणि वीज मे अखेरपर्यंत. म्हणजे मृगाच्या पेरणीला शेड तयार.

सौदा ठरवताना जागेच्या किमतीत टाकी काढायचा, माती-पाणी तपासायचा आणि माती खराब निघाली तर ती हलवायचा खर्च धरावा. जागामालक तो खर्च उचलायला तयार नसेल तर भाव त्या हिशेबाने पाडून मागावा. आणि टाकी गॅसमुक्त असल्याचं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत त्या आवारात कटर, ग्राइंडर आणि वेल्डिंगची ठिणगी पडू देऊ नये.