जुना पीसी ओव्हरक्लॉक करताय? आधी त्याची गरमी समजून घ्या

पीसी हळू झाला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, भंगारात काढ. दुसरा, ओव्हरक्लॉक कर. दुसरा सल्ला फुकटातला वाटतो, पण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमकं काय?

कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणं. २०११ च्या जानेवारीत आलेला इंटेलचा कोअर आय-५ २५००के यासाठी चांगलाच गाजला. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ गुणिले ३३. नावातल्या 'के'चा अर्थ, हा ३३ चा आकडा बदलता येतो. बायोसमध्ये जाऊन तो ४५ केला की वेग होतो ४.५ गिगाहर्ट्झ. अट एकच, मदरबोर्ड पी६७ किंवा झेड६८ सारख्या ओव्हरक्लॉकिंग चालणाऱ्या चिपसेटचा हवा. स्वस्तातल्या एच६१ बोर्डवर ही सोय नव्हती.

मग अडचण कुठे येते?

वेग वाढवला की प्रोसेसर स्थिर राहावा म्हणून व्होल्टेजही वाढवावं लागतं. वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा, व्होल्टेज १.२ वरून १.३५ वर नेलं. वेग वाढला ३६ टक्के, पण वीज आणि उष्णता वाढली सुमारे ७० टक्के! सोबत मिळालेला छोटा कूलर ९५ वॉटच्या हिशोबाने बनवलेला असतो. तापमान शंभर अंशांच्या जवळ गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

त्यात आपला उन्हाळा. हवेवर चालणारा असो की पाण्यावर, साधा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरच्या २० अंशांत व्यवस्थित चालणारं सेटिंग मे महिन्यातल्या ३८ अंशांत साधारण १८ अंश जास्त तापतं.

सुरुवात कुठून करायची?

- कूलर आणि पंख्यातली धूळ काढा. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा.
- मोठा टॉवर कूलर बसवा. कॅबिनेटमध्ये हवा आत यायला आणि बाहेर जायला वाट ठेवा.
- पॉवर सप्लाय जुना, हलका असेल तर पुढे जाऊ नका.
- मल्टिप्लायर एकेक अंकाने वाढवा. दरवेळी प्राइम९५ सारखी चाचणी चालवून तापमान बघा. ८० अंशांच्या आत राहिलेलं बरं.
- चाचणीत पीसी बंद पडला तर एक पायरी मागे या. व्होल्टेज चढवत राहू नका.

आणि हो, विंडोज सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील, तर दोष बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तिथे ओव्हरक्लॉकिंगपेक्षा एसएसडी जास्त कामाला येते, आणि ती पीसी तापवतही नाही.