विकत घेतलेली जादू

जादूचा धडा विकत घेणाऱ्याच्या पदरीं बहुधा निराशाच येते, आणि तिचें कारण दर वेळीं विक्रेत्याची लबाडीच असतें असें नाहीं. यंदा स्नेहसंमेलनापूर्वीं आम्हीं कांहीं विद्यार्थ्यांनीं वर्गणी काढून असा एक चित्रफितीवरील धडा घेतला. जाहिरातींत रुपया हवेंत विरून जात होता; धड्यांत तो शिक्षकाच्या तळहातांतच लपला होता. एवढ्याचसाठीं का पैसे मोजले, असें सर्वांस वाटलें.

वस्तुतः गुपित तेवढेंच आहे. उजव्या हातांतील नाणें डाव्यांत दिल्याचा नुसता आविर्भाव करावयाचा. अंगठ्याच्या मुळाशीं असलेला मांसल भाग व समोरचा तळव्याचा उंचवटा यांच्यामध्यें तें दाबून धरिलें म्हणजे बोटें मोकळीं राहतात, आणि मोकळ्या बोटांचा कोणास संशय येत नाहीं. येथवर धडा सांगूं शकतो. खरी मेख पुढेंच आहे. जादूगारानें स्वतः रिकाम्या डाव्या मुठीकडे पाहिलें पाहिजे, कारण प्रेक्षकांची दृष्टि त्याच्या दृष्टीमागून जाते. परंतु नाणें कोठें आहे हें ज्यास ठाऊक, त्याचे डोळे नेमके तिकडेच धांवतात! ही खोड मोडावयास आरसा व कित्येक महिने लागतात. ते कोणत्याहि दुकानीं मिळत नाहींत.

फ्रान्समधील ब्ल्वा येथला विख्यात जादूगार रोबेर-हूदँ (१८०५–१८७१) हा मूळचा घड्याळजी. घड्याळांवरील ग्रंथ मागितला असतां पुस्तकविक्रेत्यानें चुकून जादूच्या खेळांचा ग्रंथ दिला, अशी हकीकत त्यानें १८५८ सालच्या आत्मवृत्तांत सांगितली आहे. खेळ कळले, पण हात वळेनात. तेव्हां पायांचीं कुरुपें काढणाऱ्या एका गांवकऱ्यास दहा फ्रँक देऊन तो चेंडू झेलण्यास शिकला, आणि पुढें चार चेंडू हवेंत खेळवीत समोरचें पुस्तक वाचण्याइतकी त्यानें तयारी केली. पॅरिसांत त्याचे खेळ सुरू झाले ते १८४५ सालीं. आपल्याकडील रस्त्यावरचा गारुडीहि वाट्या-गोळ्यांचा खेळ बापाशेजारीं बसूनच शिकत आला. पुस्तक त्याच्या गांवींहि नसे.

आमच्या धड्यावर आक्षेप आहे तो निराळा. त्यांत कॅमेरा शिक्षकाच्या अगदीं समोर, एकाच जागीं ठेविला होता. बाजूस बसलेल्यास लपविलेला रुपया स्पष्ट दिसतो, हें कोठेंहि सांगितलेलें नाहीं. संमेलनांत तर मुलें तिन्ही बाजूंनीं बसतात. एवढी एक सूचना असती, तरी वर्गणी फुकट गेली असें आम्हीं म्हटलें नसतें.