प्रौढ विद्यार्थ्याची हजेरी

दिवसभराची नोकरी आणि घरचा जमाखर्च यांतून उरलेल्या अर्ध्या तासात जो प्रौढ मनुष्य नवी भाषा शिकू पाहतो, त्याची हजेरी मोबाइलवरील अ‍ॅपने कशी मांडावी, हा प्रश्न मुख्यतः मानसशास्त्राचा आहे. २०१२ साली सर्वांस खुल्या झालेल्या डुओलिंगो या भाषाशिक्षणाच्या अ‍ॅपात सलग अभ्यासदिनांची मोजदाद असते, आणि एखादा दिवस चुकला तरी ती शृंखला तुटू नये अशी सवलतही असते. ही सवलत मला मोजदादीहून मोलाची वाटते, कारण आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईची गणना शून्यावर आणणे हा अन्याय होय. नुसत्या संकल्पाहून वेळ व स्थळ ठरवून केलेला निश्चय अधिक फलद्रूप होतो, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली मांडले. तेव्हा ध्येयाबरोबर या दोन्ही गोष्टी अ‍ॅपने आरंभीच विचारून घ्याव्यात.