भेट हवी, परतफेड नको

भेट ही वरवर पाहता फुकट मिळालेली वस्तू. प्रत्यक्षात ती उधारी असते. लग्नातला आहेर घरोघरी वहीत टिपून ठेवतात आणि समोरच्या घरी कार्य निघाले की ती वही पुन्हा उघडली जाते. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने भेटीत गुंतलेली असतात, असे मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली मांडले. यातले परतफेडीचे बंधन काढून टाकले तर? एका पोरकट वाटणाऱ्या खेळात मला याचे उत्तर दिसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत नाताळच्या सुमारास हा खेळ खेळतात. नाव ‘पांढरा हत्ती’. सयामचा राजा नावडत्या दरबाऱ्याला पांढरा हत्ती भेट देई आणि त्याला पोसता पोसता तो बिचारा भिकेला लागे, अशी आख्यायिका या नावामागे आहे. नियम सोपे आहेत. प्रत्येकाने ठरलेल्या किमतीच्या आतली एक वस्तू कागदात गुंडाळून, नाव न घालता, ढिगात ठेवायची. चिठ्ठ्यांनी क्रम ठरतो. पहिला एक पुडके उघडतो. दुसऱ्याने नवे पुडके उघडावे किंवा पहिल्याच्या हातातले सरळ हिसकावून घ्यावे. ज्याचे गेले तो पुन्हा ढिगाकडे वळतो. एकच वस्तू तीनदा लुटली गेली की ती त्या धन्याकडे कायमची राहते.

आता यात आणावे काय? शाल किंवा फुलदाणी आणली की मंडळी मनातल्या मनात किंमत करू लागतात. म्हणून जपानी गमतीच्या वस्तूंना येथे फार मान आहे. जपानी उपाहारगृहांच्या काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात. इवासाकी ताकिझो यांनी १९३२ साली ओसाकात हा मेणाच्या पदार्थांचा धंदा सुरू केला. आज तसलीच प्लॅस्टिकची तळलेली कोळंबी किल्ल्यांना अडकवायला मिळते. दुसरा प्रकार ‘गाचापोन’. यंत्रात नाणे टाकून मूठ फिरवली की ‘गाचा’ आणि डबी पडली की ‘पोन’! १९६५ साली ही यंत्रे अमेरिकेतून जपानात आली. डबीत काय निघेल ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. २०१२ साली अशाच डब्यांतून ‘कोप्पु नो फुचिको’ निघाली. कपाच्या कडेला लोंबकळणारी, कचेरीच्या वेशातली ही चिमुकली बाई. तिचा उपयोग काय? काही नाही. म्हणूनच तिच्यासाठी हिसकाहिसकी होते.

गंमत अशी की, हाच जपान देण्याघेण्याच्या हिशेबात अत्यंत काटेकोर आहे. उन्हाळ्यात ‘ओचुगेन’ आणि वर्षअखेरीस ‘ओसेइबो’ अशा भेटी वरिष्ठांना आणि उपकारकर्त्यांना पाठवतात. शोकप्रसंगी आलेल्या रकमेच्या साधारण निम्म्या किमतीची वस्तू परत पाठवण्याचाही प्रघात आहे. हसू आणणारी निरुपयोगी वस्तू मात्र कोणत्या हिशेबात धरणार?

आपल्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण ‘लुटतात’. हा शब्द मला फार आवडतो. लुटीची परतफेड कोण मागतो? तरीही वाण देणारीचे नाव सर्वांना माहीत असते आणि कोणी स्टीलचा डबा दिला, कोणी साधी गाळणी दिली, याची चर्चा जिन्यातच सुरू होते.

‘पांढऱ्या हत्ती’त देणारा अनामिक असतो. एकाच वर्गात मोटारीने येणारा आणि एस.टी.चा पास काढून येणारा शेजारी बसतात. वाढदिवस आला की दुसऱ्याची पंचाईत होते. कित्येकदा तो त्या दिवशी महाविद्यालयात येतच नाही. किमतीची मर्यादा खरोखर खाली ठेवली आणि नाव झाकले, तर त्याने आणलेल्या वस्तूवरही सारे तितक्याच हिरिरीने तुटून पडतील. स्नेहसंमेलनाच्या चिटणीसांनी या खेळाचा जरूर विचार करावा. कोळंबी जपानचीच हवी असे नाही. जत्रेतली शिट्टीही चालेल.