खाऱ्या मत्स्यालयांतील पाण्याची पातळी

घोटावड्यास समुद्र नाहीं. तेथें खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय मांडावयाचें, तर दर लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम सागरी क्षारांचें मिश्रण विरघळवावें लागतें. खालच्या टाकींतील पाणी पंप वर चढवितो आणि तें वरच्या टाकीच्या कांठावरून पुन्हां खालीं उतरतें. त्यामुळें वरची पातळी स्थिर दिसते. बाष्पीभवनाची घट खालींच कळते. वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेंच राहतात. म्हणून भर शुद्ध गोड्या पाण्याचीच घालावी. खारें पाणी घातल्यास क्षारता वाढून मासे दगावतात. भर रोज थोडी थोडी घालावी, नाहींतर पंप कोरडा पडेल. मात्र वीज गेल्यावर वरून उतरणारें पाणी मावेल, इतकी जागा खालच्या टाकींत नेहमीं रिकामी ठेवावी.